दवाखान्याच्या बाटलीतलं ताक

मथुरानं खोऱ्यानं चौथ्या वाफ्याचं तोंड उघडलं, पाणी खळखळत वांग्यांत शिरलं, आणि तिथं एक साहेब झोपलेला निघाला!

साहेब म्हणजे अगदी खराखुरा. अंगात कोट, पायात बूट, छातीवर टोपी. डोकं बांधावर आणि पाय थेट वांग्यांत. पाणी बुटांना लागलं, मोज्यांत शिरलं, तरी पठ्ठ्या हलायला तयार नाही. तोंड उघडं टाकून घोरत होता.

"अवं पाव्हणं…! उठा की. बूट भिजलं तुमचं."

कशाचं काय. शेवटी मथुरानं ओंजळभर पाणी घेतलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि दिलं तोंडावर शिंपडून. साहेब धडपडून उठून बसला. केस उभे, गालावर मातीचा शिक्का, डोळे मात्र असे की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकावी. मथुराची अडकलीच. तिनं ती घाईघाईनं सोडवून वांग्यांवर नेली.

"किती वेळ झोपलो होतो मी?"

"म्या काय घड्याळ बांधून बसलेय व्हय? आबांनी तीस मोटा उपसल्या, तवर तुमी घोरतच हुता."

"घोरत होतो?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "खरंच घोरत होतो मी?"

घोरण्याचा एवढा आनंद झालेला माणूस मथुरानं जन्मात पाहिला नव्हता. मग त्यानंच सांगितलं, जरासं लाजत. अकरा दिवस डोळ्याला डोळा नव्हता. गावात जायला निघालो, गाडी ओढ्याशी सोडली, चालता चालता तुमच्या मोटेच्या चाकाचा आवाज ऐकला… पुढचं काही आठवत नाही.

"आन गावात कुणाकडं म्हणायचं?"

"दवाखान्यात. मी नवा डॉक्टर."

मथुरानं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरलं नाही. स्वतःला झोप येत नाही असा डॉक्टर सरकारनं आपल्याच गावाला धाडावा, म्हणजे कमालच झाली!

हे गाव लोहाऱ्याहून दोन कोसांवर. राज्य निजामाचं, साल दुसऱ्या महायुद्धाचं, आणि दवाखाना आसपासच्या बारा गावांत एकटाच. डॉक्टरचं नाव बलभीम, मूळचा वाशीकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला, शिकून आलेला हैदराबादेत. मथुरा ही दगडोबा बागवाल्याची लेक. वय एकोणीस, जीभ धारदार, आणि आई गेल्यापासून विहीर, बाग, बैल आणि बाप या चौघांची मालकीण तीच. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला करून घेणारा अजून जन्माला यायचाय. मथुरा म्हणायची, मग येऊ द्या की सावकाश, मला कुठं घाई हाय!

आठ दिवसांनी दवाखान्यातले कंपाउंडर वलीभाई वांगी न्यायला आले. वलीभाई म्हणजे गावाची तोंडी तार. विचारायची गरजच नाही, बातमी आपणहून सुटते.

"क्या बोलू मथुराबेटा, साहेब लई गुणाचा माणूस. पण रात रात येरझाऱ्या घालतो. चहावर चहा, सिगरेटीवर सिगरेट. दिवसाला साठ बिमार बघतो आणि स्वतः घासभर खात नाही. काल सुई टोचताना हात कापत होता. मी बघितलं… त्यानं बी बघितलं, मी बघितलेलं."

मथुराच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. तिला आई आठवली. पाठोपाठची दोन लेकरं गेली, तेव्हा आई अशीच रात रात बसून असायची. मथुरा तेव्हा लहान होती, पण आईच्या तळपायांना एरंडेल लावून काशाच्या वाटीनं घासायचं काम तिच्याकडं होतं. घासता घासता आईचे डोळे जड व्हायचे. त्या घरात तेवढं एकच सुख होतं, आणि ते मथुराच्या हातात होतं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे डॉक्टर आपणहून बागेत हजर.

"जरा बसू का इथं? तो मोटेचा आवाज…"

"बसा. पर बूट काढून."

"का?"

"हितली डाक्टर म्या हाय. का-बिका इचारायचं न्हाय."

आणि झाला की सुरू इलाज! पहाटे बैलांमागं अनवाणी चालायचं, मोटेच्या उतारावर बारा खेपा. मग पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. मग ओल्या काळ्या मातीचं फडकं पोटावर, ऊन अंगावर घेत. न्याहारीला भाकरी, ताक, पातीचा कांदा, आणि प्रत्येक घास चावून, न बोलता. दिवेलागणीनंतर चहाचं नाव काढायचं नाही. सिगरेट आधी निम्मी, मग चौथाई, मग बंद. आणि सांजच्याला काशाची वाटी.

वाटीचं काम अर्थातच दगडोबांकडं. परक्या पुरुषाच्या पायाला मथुरा कशी हात लावणार? ती आपली विहिरीच्या पलीकडं बसून हुकूम सोडायची. दगडोबांच्या हाताला सवय बैलांना खरारा करायची. डॉक्टर ओठ आवळून बसायचा.

"आबा, दमानं! बैल न्हाई तो."

"बैल गप उभा ऱ्हातो," दगडोबा म्हणायचे, "ह्यो वळवळतंय."

पलीकडून खुदकन हसू यायचं. डॉक्टरला त्या हसण्यानं अर्धा आराम पडायचा, पण हे तो कुणाला सांगणार?

"आणि एवढं सगळं करून झोप नाही आली तर?" त्यानं एकदा विचारलंच.

"न्हाय आली तर माझं नाव बदला."

"नाव बदलायचा हक्क…" डॉक्टर पाटाच्या पाण्याकडं बघत हळूच म्हणाला, "लग्नात नवऱ्याला असतो म्हणे."

मथुराचे कान गरम झाले. तिनं पाटात असा पाय आपटला की डॉक्टरचा सदरा चिंब झाला. मग दोघंही कितीतरी वेळ दोन दिशांना बघत बसले…

झोप येऊ लागली होती. पण तुटक. पहाटे तो यायचा तेव्हा डोळ्यांखाली काळं असायचंच. मथुराला ते सोसेना.

"डाक्टरसाहेब, मनात काय धरून बसलाय तुमी?"

तो आधी हसला. मग हसू मावळलं. "गेल्या उन्हाळ्यात माझ्या आधीच्या गावात पटकीची साथ आली. औषध पोचेपर्यंत सत्तावीस माणसं गेली, मथुरा. डोळा मिटला की मी त्यांना मोजायला लागतो. एक, दोन, तीन… सत्तावीस झाले की पुन्हा पहिल्यापासून."

बैलसुद्धा थांबले होते.

"मग मोजा की," मथुरा म्हणाली. "पर हितं. मोठ्यानं. आकडं न्हाय, नावं घ्या. मनातल्या मनात मोजलं की संपतच न्हाय ते."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग एकेक नाव घेऊ लागला. म्हातारी कुणाची, बाळंतीण कुणाची, कोण शेवटी काय बोललं. मध्येच आवाज फुटला, गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण मथुरानं त्याला थांबवलं नाही. प्रत्येक नावाला ती फक्त "हां" म्हणत होती. सत्ताविसावं नाव झालं, तेव्हा ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर आलं होतं आणि मथुराचेही डोळे वाहत होते. त्या दिवशी डॉक्टर बांधावर जो झोपला तो दुपारी वलीभाईंनी उठवला तेव्हाच उठला. आणि मथुराला कळलं, हा माणूस बरा झाला की आपल्या बागेत यायचा नाही, आणि तो नाही आला तर आपल्याला झोप लागायची नाही. काय ही आफत!

डॉक्टर मात्र बरा होऊनही येत राहिला. एवढंच नाही, डोकं धरून येणाऱ्या, छाती धडधडते म्हणणाऱ्या, झोप नाही म्हणणाऱ्या रोग्यांना तो औषधाऐवजी हेच सांगू लागला. चाला, माती लावा, ताक प्या, मनातलं बोला. ज्याला औषधाची गरज त्याला औषध. पण गावाला हे पटायला नको? सर्वांत आधी अडून बसल्या कुलसुमबी. सत्तरीची म्हातारी, एकटी राहणारी.

"ताक माझ्या घरात बी हाय," त्या मथुराच्या बागेत येऊन कडाडल्या. "दवाखान्यात गेले ते ताक प्यायला व्हय? बाटली पायजे मला. पट्टीवाली!"

त्या काळी दवाखान्याच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असायची. एका वेळी एक खूण खाली. त्या पट्टीवर लोकांचा भारी विश्वास. मथुराच्या डोक्यात एक खोडी आली. वलीभाईंना गाठून तिनं रिकामी बाटली मागितली, जिरं घातलेलं पातळ ताक भरलं, पट्टी चिकटवली आणि रोज ताजी भरून कुलसुमबींना द्यायला लागली. म्हातारी पाचव्या दिवशी गाढ झोपली आणि सहाव्या दिवशी गावभर सांगत सुटली. झालं! जो तो पट्टीवाली बाटली मागायला लागला. वलीभाई पट्ट्या कापून दमले. डॉक्टरला मात्र दोघांनी कळू दिलं नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं बंद केलं असतं ना.

तीन महिन्यांत दवाखान्यातले साठ रोगी विसावर आले. आणि कुणीतरी धाराशिवला निनावी अर्ज धाडला. डॉक्टर दवाखाना सोडून बागेत पडलेला असतो, एका जवान पोरीच्या नादी लागून लोकांना माती खाऊ घालतो.

बातमी आली की मोठे साहेब चौकशीला येणार. वलीभाई सांगत होते, अर्ज खरा ठरला तर बलभीमसाहेबाची बदली पार आदिलाबादच्या जंगलात. दगडोबा ओसरीवर बसून होते. ते चिडले नव्हते, हेच वाईट.

"मथुरे, तुझी बी गोष्ट अर्जात गेलीय, माय. उद्या काय बरंवाईट झालं तर म्या तुला ईट गावाला मामाकडं धाडणार. हितं लोकाची तोंडं सोसायची न्हायीत मला."

मथुरा विहिरीवर गेली. डॉक्टर तिथंच होता.

"उद्या माझं नाव घेऊ नगा," ती म्हणाली. "म्हणा, इलायती पुस्तकात वाचलं. बागेतल्या पोरीनं डाक्टरला बरं केलं म्हणलं, तर जलमभर हसतील तुमाला."

"आणि तू?"

"माझं काय… म्या जाईन ईटला."

तो काहीतरी बोलणार होता. ती थांबलीच नाही. थांबली असती तर रडली असती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर अख्खा गाव. आत मोठे साहेब खुर्चीत, कपाळावर आठ्या, हातात रजिस्टर. मथुरा बायकांच्या घोळक्यात, दाराशी.

"साठचे वीस बिमार? बाकीचे कुठं गेले? मेले?"

"बरे झाले, साहेब," डॉक्टर म्हणाला.

साहेबांनी वलीभाईंच्या कपाटाकडं बोट केलं. तिथं ओळीनं भरलेल्या बाटल्या, पट्ट्यांसह. एक उघडून त्यांनी नाकाला लावली, मग दुसरी, मग तिसरी. चेहरा लाल झाला.

"ताक? सरकारी बाटलीत ताक? मग सरकारी दवा कुठं विकली?"

डॉक्टर त्या बाटल्यांकडं बघतच राहिला. त्याला कुठं काय ठाऊक? वलीभाईंनी मान खाली घातली. दाराशी उभ्या मथुराला सगळं कळून चुकलं. अर्जानं झालं नसतं ते आपल्या खोडीनं झालं होतं. आता नुसती बदली नाही, आता थेट चोरीचा आळ!

ती पुढं झाली. आयुष्यात ती कधी कुठल्या साहेबासमोर उभी राहिली नव्हती.

"साहेब, ह्या बाटल्या म्या भरल्या. पट्ट्या म्या लावल्या. डाक्टरसाहेबाला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. काय शिक्षा करायची ती मला करा."

"तू कोण?"

खरंच, ती कोण होती?

"मी सांगतो," बलभीम म्हणाला, आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "साहेब, ही माझी डॉक्टर आहे."

गर्दीतून एक लाट गेली.

"मी इथं आलो तेव्हा अकरा दिवसांचा जागा होतो. सुई धरताना हात कापायचा. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, माझी नोकरी गेली असती म्हणून. आज सगळ्यांसमोर सांगतो. माझ्यावर इलाज या मुलीनं केला. पुस्तकातला नाही, तिचा स्वतःचा. अर्जात लिहिलंय ते अर्धं खरं आहे. मी रोज त्या बागेत जात होतो."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात दाखवा."

वलीभाईंनी काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास आणला. बलभीमनं तो तळहातावर ठेवून हात लांब केला. साहेब बघत होते, गाव बघत होता, आणि मथुरा श्वास धरून उभी होती. एक थेंब सांडला नाही. मग वलीभाईंनी आतून औषधांच्या पेट्या ओढून आणल्या, यादीबरहुकूम लावल्या. सगळं जागच्या जागी.

तेवढ्यात कुलसुमबी काठी आपटत पुढं आल्या.

"ओ साहेब! त्या बाटलीत ताक हाय ते मला पैल्या दिशीच कळलं हुतं. सत्तर वर्सं ताक पिलेय, जिभेला काय ताक कळत न्हाई?"

मथुरा त्यांच्याकडं वळली. "दादी! मग पिलात कशाला?"

"बाटली भरायला तू रोज येत हुतीस, बेटा. दादी झोप लागली का, दादी जेवली का, आसं इचारत हुतीस. धा वर्सांत कुनी इचारलं न्हवतं मला. त्यानंच लागली झोप… ताकानं न्हाई."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. मग त्यांनी बाहेरच्या माणसांना एकेक करून हाक मारली, रजिस्टरातली नावं घेऊन. कुणी म्हणालं डोकं थांबलं, कुणी म्हणालं भांडण थांबलं, एकजण म्हणाला बायको म्हणते आता तुम्ही माणसात आलात. गाव हसलं. साहेबांच्या मिशाही हलल्या. त्यांनी लेखणी उचलली आणि रजिस्टरात लिहिलं ते वलीभाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं: रोगी घटले, कारण रोगी बरे झाले. बदली नाही. आरोप रद्द. खाली एक ओळ जास्तीची: यापुढं ताकाच्या बाटलीवर 'ताक' असं स्पष्ट लिहावं.

गावानं असा गलका केला की खुंट्यावरचे बैल बिचकले.

"आणि तुमचा इलाज?" साहेबांनी उठता उठता विचारलं. "पुरा झाला ना?"

"नाही साहेब." बलभीम दगडोबांकडं वळला. आताच काठोकाठ गिलास पेललेला तो हात चक्क कापत होता! "आबा, मला जन्मभर हिच्याच हाताखाली राहायचंय. माझं मथुरावर प्रेम आहे. तिची आणि तुमची ना नसेल तर… घरी बोलणं करायला माझ्या वडिलांना वाशीहून बोलावून घेऊ का?"

दगडोबा भांबावले. वलीभाई लगबगीनं त्यांच्या कानाशी. घर चांगलं आहे, सोयरिकीत बसतं, चौकशी आपण कधीच करून ठेवलीय. दगडोबांनी डोळ्यांना पागोट्याचं टोक लावलं.

"मला काय इचारता डाक्टर? बागेची मालकीन ती. तिला इचारा."

सगळ्यांच्या माना मथुराकडं वळल्या. गावाला बोलून गार करणारी मथुरा, आणि तिला आज एक शब्द सुचेना! समोर तो उभा होता. चेहऱ्यावर आशा, भीती, सगळं उघडं. बरं केलेला, आपला.

"बोल की गं!" कुलसुमबी ओरडल्या. "का त्याला परत अकरा दिवस जागवतीस?"

"व्हय," मथुरा म्हणाली.

"ऐकू आलं न्हाई!" मागून कुणीतरी.

मथुरानं मान वर केली. तोंडाला पदर नाही, लाज नाही, आडपडदा नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघत, साऱ्या गावाला आणि धाराशिवच्या साहेबालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "व्हय! म्या बी ह्यांना जीव लावलाय. म्या जानार ह्यांच्या घरी, आन ईटला कुनी जात न्हाई आता!"